लाइन गेली तरी नोंद राहिली पाहिजे

(देवगड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या तालुक्यातल्या कित्येक मुलांना हिशेब शिकवला. म्हणून मीही आज हिशेबाचाच विषय घेतला आहे. फक्त हा हिशेब वहीतला नाही, यंत्रांनी यंत्रांना द्यायचा आहे.

मे २०२५ मध्ये काय झालं ते इथल्या बागायतदारांना मी सांगायला नको. नवी मुंबईतल्या विकिरण केंद्रात ८ आणि ९ मे रोजी प्रक्रिया झालेला आंबा विमानाने अमेरिकेत पोहोचला आणि लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवला गेला. किमान १५ खेपा. प्रश्न किडीचा नव्हता. विकिरण झाल्याचा पीपीक्यू २०३ नावाचा एक कागद मालासोबत जावा लागतो. तो चुकीच्या रीतीने दिला गेला, असं तिथल्या यंत्रणेचं म्हणणं पडलं. माल परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच दोन पर्याय उरले. परतीचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून आंबा टाकून द्यावा लागला. नुकसानीचा अंदाज पाच लाख डॉलरच्या घरातला होता. विकिरण झालेलं आहे, असं निर्यातदार अखेरपर्यंत सांगत होते.

त्या प्रकरणात दोष कुणाचा, यात मी जात नाही. मला त्यातलं एकच घ्यायचं आहे. काम होणं आणि कामाची नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दूरचा माणूस पैसे मोजतो ते नोंद पाहून. बागेत राबणाऱ्याचे, कारखान्यात उभं राहणाऱ्याचे कष्ट दूरच्या माणसापर्यंत नोंदीच्या रूपानेच पोहोचतात. ती वाटेत हरवली तर कष्टही हरवले. म्हणून माझं आज एवढंच सांगणं आहे: नोंद जिथे काम होतं तिथेच, कुणाची परवानगी न मागता, पक्की लिहिली गेली पाहिजे. दूरच्या कार्यालयाला ती नंतर कळवता येते. संपर्क असेल तर लगेच, नसेल तर चार दिवसांनी.

आपल्याकडचा कॅनिंगचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मे उतरणीला लागला की पेटीत न बसणारा आंबा तिकडे वळतो. फाटकाशी टेम्पोंची रांग लागते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होतं, प्रत लागते, फळ धुतलं जातं, पल्परमधून रस निघतो, तापवला जातो, ८५० ग्रॅमच्या आणि ३.१ किलोच्या डब्यांत भरून सीलबंद होतो आणि डबे निर्जंतुक होण्यासाठी रिटॉर्टमध्ये जातात. काट्यापासून रिटॉर्टपर्यंत बहुतेक यंत्रांच्या पोटात आज छोटा संगणक असतो. त्याला किती किलो, किती अंश, किती मिनिटं हे कळतं. दुसऱ्या टोकाला कार्यालयाचं सॉफ्टवेअर: खरेदी, बागायतदाराचे पैसे, गोदामातला साठा, जीएसटीचं बिल. हे सॉफ्टवेअर कारखान्यात नसतंच. ते पुण्यात, मुंबईत किंवा भाड्याने घेतलेल्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतं. दोघांच्या मधे असते एक तार, नाहीतर एक सिमकार्ड आणि सड्यावरचा एक मनोरा.

मोठ्या उद्योगांनी या दोन जगांमधली रेषा आखून घेतली आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात थिओडोर विल्यम्स यांनी कारखान्याच्या पायऱ्यांची मांडणी केली. तिच्या आधारावर आयएसए-९५ नावाचं प्रमाण उभं राहिलं आणि त्याचा पहिला भाग २००० साली निघाला. तळाशी प्रत्यक्ष प्रक्रिया, तिच्यावर संवेदक, त्यावर नियंत्रण करणारी यंत्रं, मग उत्पादनाचं व्यवस्थापन, आणि सगळ्यात वर, चौथ्या पायरीवर, धंद्याचा हिशेब. तळाचं जग सेकंदांत चालतं आणि वरचं दिवसांत, महिन्यांत. सेकंदांत चालणाऱ्याला दिवसांत चालणाऱ्याच्या उत्तरासाठी थांबवून ठेवणं, हीच मूळ चूक. ती सर्रास होते. काट्यावर वजन झालं की प्रोग्राम सर्व्हरला विचारतो, 'घेऊ का?' उत्तर आलं तर पावती छापतो. उत्तर आलं नाही तर पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहतं. टेम्पो उन्हात उभा, माणूस ताटकळत, आणि आत माल तापतो आहे. हापूस कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, आमची सेवा ९९ टक्के वेळ चालू असते. हिशेब करून बघा. वर्षाचा १ टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडा जास्त वेळ. तेवढे दिवस ऑगस्टमध्ये गेले तर कारखान्याला पत्ताही लागणार नाही. पण आपल्याकडे संपर्क तुटण्याचेही हंगाम आहेत. वळवाचा पाऊस, विजा, तारेवर पडलेली फांदी हे सगळं मेच्या त्याच पंधरवड्यात येतं, जेव्हा फाटकाबाहेर रांग असते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यालगत वर सरकलं. जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली, फोनचे मनोरेही बंद पडले. वाडीवाडीतून एकच वाक्य ऐकू यायचं, 'लाइट नाय, रेंज नाय.' वर्षाची सरासरी काढणाऱ्याला ते दिवस दिसत नाहीत. ज्याचा आंबा झाडाखाली पडला होता त्याला दिसतात. म्हणून संपर्क तुटणं हा अपवाद धरून चालणार नाही. कोकणात यंत्रणा उभारणाऱ्याने तो नियमच धरला पाहिजे आणि पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर त्याची सोय आखली पाहिजे.

ही सोय म्हणजे बफर. कल्पना साधी आहे. काट्याजवळ, यंत्राजवळ एक छोटी साठवण ठेवायची. घडलेली प्रत्येक गोष्ट आधी तिथे लिहायची, मग पुढे पाठवायची, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय इथली नोंद खोडायची नाही. आपले जुने हिशेबनीस आधी रोजकीर्द लिहीत आणि सवडीने खतावणी करीत. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत ते याच शिस्तीमुळे. दिवसभरात घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचं. कुणाच्या खाती काय घालायचं ते नंतर. खतावणी फाटली, भिजली, चुकली तरी रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येत असे. संगणकशास्त्र फिरून याच जागी आलं. मद्रास आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली 'एरीज' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. मूळ आकड्याला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते नोंदवहीत लिहून टाका, म्हणजे मधेच वीज गेली तरी नोंदवही वाचून सगळं पूर्वस्थितीला आणता येईल, हा तिचा एक आधारस्तंभ. आज जगातल्या अनेक डेटाबेसच्या पोटात तीच शिस्त चालते.

इथे एक बारकावा आहे. तो शहरातल्या अभियंत्याच्या लक्षात येत नाही. बरेच बफर वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असतात, डिस्कवर नसतात. शहरात नेट जातं पण वीज सहसा असते, त्यामुळे तिथे ते चालून जातं. आपल्याकडे दोन्ही एकदमच जातात. ज्या क्षणी बफरची गरज पडते त्याच क्षणी मेमरीतला बफर पुसला जातो. म्हणून नोंद कायम टिकणाऱ्या डिस्कवर उतरली, आणि उतरली हे तपासलं, की मगच काट्याने पावती छापावी. वेळ मिलिसेकंदांत जातो. त्याची कुरकुर करू नये.

आता खरी अडचण. काट्याने नोंद पाठवली: अमुक बागायतदार, ४१२ किलो. पोच आली नाही. याचे दोन अर्थ होतात. नोंद वाटेतच हरवली, किंवा नोंद पोहोचली आणि पोच हरवली. काट्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पुन्हा पाठवली नाही तर बागायतदाराचे पैसे बुडण्याची भीती. पुन्हा पाठवली तर त्याच्या नावावर ८२४ किलो लागण्याची भीती. संगणकशास्त्रात हे कोडं दोन सेनापतींच्या गोष्टीतून मांडतात. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाचं सैन्य, मधल्या दरीत शत्रू. एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण निरोप नेणारा जासूद दरीत पकडला जाऊ शकतो. पोचेची पोच, तिचीही पोच, असे कितीही जासूद धाडले तरी दोघांची खात्री एकदम कधीच होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. जिम ग्रे यांनी १९७८ सालच्या आपल्या लेखनात या कोड्याला हे नाव रूढ केलं. बँकेचा, तिकिटाचा, गोदामाचा व्यवहार अर्धवट राहू नये याची शिस्त जगाला शिकवणाऱ्यांत ते अग्रणी. १९९८ सालचं ट्युरिंग पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळालं. २८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करायला ते एकटेच शिडाची होडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात गेले आणि परतले नाहीत. मित्रांनी उपग्रहांची छायाचित्रं मिळवली, हजारो लोकांनी ती घरबसल्या तपासली, पण होडीचा ठाव लागला नाही. दर्यावर गेलेल्या माणसाचा निरोप न येणं म्हणजे काय, हे देवगड बंदरातल्या घरांना ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कोडं सुटत नाही, पण त्याला वळसा घालता येतो. प्रत्येक नोंदीला जन्मतःच, काट्यापाशीच, एक नंबर द्यायचा. तो नंबर पुन्हा कधीही, कुठेही वापरायचा नाही. पोच आली नाही की नोंद बेधडक पुन्हा पाठवायची, दहादा पाठवायची. पलीकडच्या सॉफ्टवेअरने नंबर पाहायचा. आधी आलेला असेल तर नोंद पुन्हा धरायची नाही, पण पोच मात्र द्यायची. मग ४१२ किलो एकदाच लागतात, वाटेत काहीही होवो. पुन्हा पाठवण्याचा हक्क काट्याला आणि दुबार ओळखण्याची जबाबदारी कार्यालयाला, अशी ही वाटणी आहे. तिच्यातली एक बाजू लंगडी असली तर दुसरीचा काही उपयोग नाही. बाजारात विकली जाणारी कितीतरी सॉफ्टवेअर पहिली बाजू अभिमानाने दाखवतात. दुसरीबद्दल विचारलं की गप्प होतात.

निरोप पोहोचवण्याची तयार साधनं पुष्कळ आहेत. त्यातलं एमक्यूटीटी १९९९ साली आर्लेन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांनी घडवलं, ओसाड प्रदेशातून जाणाऱ्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. संपर्क महाग, तुटका आणि मंद असणार हे गृहीत धरूनच ते बेतलं. निरोप जास्तीत जास्त एकदा जावा, निदान एकदा जावा, की बरोबर एकदाच जावा, हे त्यात पाठवणाऱ्याला ठरवता येतं. सड्यावरच्या काट्याला ते चांगलं जमतं. पण ते निरोप्यापुरतं आहे. निरोप मिळाल्यावर हिशेबात दोनदा लिहू नये, ही अक्कल पलीकडच्या सॉफ्टवेअरलाच असावी लागते.

वेळेचाही प्रश्न आहे. समजा, ३१ मार्चला रात्री साडेअकराला माल पॅक झाला, नेट नव्हतं, नोंद १ एप्रिलला सकाळी पोहोचली. सॉफ्टवेअरने पोहोचल्याची तारीख धरली तर माल पुढच्या आर्थिक वर्षात गेला. तेव्हा नोंदीत दोन वेळा हव्यात, घडल्याची आणि पोहोचल्याची, आणि हिशेब घडल्याच्या वेळेने व्हावा. काट्याचं घड्याळ बरोबर चालतं की नाही, हेही कुणीतरी पाहायला हवं. क्रमही जपावा लागतो. गाडी निघाल्याची नोंद आधी आणि डबे तयार झाल्याची नंतर पोहोचली, तर साठा उणे दिसतो आणि कार्यालयातली माणसं नसलेली चोरी शोधत बसतात. आणि एखादी नोंद मुळातच सदोष असते, बागायतदाराचा क्रमांकच चुकलेला असतो. कार्यालय ती घेत नाही, काटा तीच पुन्हापुन्हा पाठवतो, आणि मागच्या शेकडो चांगल्या नोंदी तिच्यामागे अडकून पडतात. अशी नोंद बाजूला काढून माणसापुढे ठेवायची सोय हवी. ती गुपचूप फेकून देणारं सॉफ्टवेअर मी कुणालाही घेऊ देणार नाही.

साठवणीला तळ असतो, तसा काठही असतो. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सगळे, म्हणजे १४ कारखाने थांबले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर देखभालीचं काम चालू असताना डिस्कवरची जागा संपली होती. पर्यायी यंत्रणा होती, पण तीही त्याच प्रणालीवर असल्याने तिलाही तेच झालं. मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा नेल्यावर काम सुरू झालं. कमीत कमी साठ्यावर कारखाना कसा चालवावा हे ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांना डिस्कच्या जागेने थांबवलं. आपल्या काट्याचं गणित मात्र हलकं आहे. दर पाच सेकंदांना एक नोंद, दिवसरात्र, म्हणजे दिवसाला १७,२८० नोंदी. प्रत्येकी ५०० बाइट धरल्या तर साडेआठ मेगाबाइटच्या आसपास. तौक्तेसारखे दहा दिवस गेले तरी शंभर मेगाबाइटही भरत नाहीत. साध्या मेमरी कार्डात वर्षं मावतील. फळाचे फोटो साठवायचे ठरवलं की गणित बदलतं. तेव्हा जागा संपायला आली तर आधी काय सोडायचं, फोटो की वजन, हे शांतपणे, हंगामापूर्वी ठरवून ठेवावं. आणि किती नोंदी पाठवायच्या राहिल्या आहेत, तो आकडा काट्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसू द्यावा. तसंच कार्यालयातल्या पडद्यावर शेवटची नोंद किती वाजताची आहे ते दिसावं. नाहीतर तिकडे साठा शून्य दिसतो आणि कुणीतरी ऑर्डर नाकारून मोकळा होतो.

आता सगळ्यात धोक्याची जागा. बफर ही नोंदींची सोय आहे, हुकुमांची नव्हे. 'सोमवारी ४१२ किलो आले' हे गुरुवारी कळलं तरी खरंच असतं. 'आजचा भाव इतका, या बॅचला अमुक तापमान ठेवा, हा माल अमक्या गाडीत चढवा' हे मात्र गुरुवारी अमलात आलं तर नुकसान, कधी अपघातही. नोंद शिळी होत नाही, हुकूम शिळा होतो. म्हणून वरून खाली येणाऱ्या प्रत्येक सूचनेवर ती केव्हापर्यंत धरायची ते लिहिलेलं असावं. मुदत टळली की यंत्राने ती पाळू नये, माणसाला विचारावं. संपर्क नसताना कारखाना कोणत्या शेवटच्या सूचनांवर चालेल, हा निर्णय व्यवस्थापनाचा आहे. तो प्रोग्रामरवर सोडणं म्हणजे आपली जबाबदारी टाळणं.

हे सगळं आपल्या दारात कुठे येतं, ते सांगतो. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ऑक्टोबर २०१८ मध्ये, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तरी बाजारात देवगडच्या नावावर परप्रांतातला आंबा विकला जातच राहिला. मग देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळ्या नंबराचं, काढलं की फाटणारं स्टिकर लावण्याची पद्धत आणली. ग्राहक स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खात्री करू शकतो. या रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नंबर बागायतदाराला आधीच, त्याच्या बागेच्या अंदाजाने दिले जातात. कलमाखाली उभं राहून स्टिकर लावताना त्याला कोणत्याही सर्व्हरला विचारावं लागत नाही. नंबर त्याच्या हातातच असतो. संपर्कावाचून काम चालावं यासाठी मघाशी सांगितलेली पहिली अट, जन्मतःच नंबर, ती इथे संस्थेने पुरी केलेली आहे.

पुढची पायरी मोठी आहे. कुठला नंबर कोणत्या पेटीत गेला, पेटी कोणत्या गाडीत, गाडी वाशीला, पुण्याला की थेट ग्राहकाकडे, आणि पैसे कधी आले, ही साखळी ज्या बागायतदाराला, ज्या पॅकिंग शेडला जोडायची आहे, त्याला कारखान्यातलेच प्रश्न पडणार आहेत. द्राक्षवाल्यांनी ही वाट आधी चालून पाहिली आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदव्यवस्थेत नाशिक-सांगलीकडची बाग, प्रयोगशाळा, पॅकहाउस आणि निर्यातीचं प्रमाणपत्र एका साखळीत आलं, आणि युरोपातून एखाद्या खोक्याबद्दल विचारणा झाली तर बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. आंब्यासाठीही मँगोनेट आहे. पण साखळीचं आपल्या हातातलं टोक, शेडमधला काटा आणि शेडमधला फोन, ते पक्कं करणं आपल्यालाच भाग आहे. तिथे नोंद बुडाली तर वरची कुठलीच व्यवस्था ती परत आणू शकत नाही.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला, विकणाऱ्याला आपल्या शेडमध्ये बोलवा. गावात विजेचा भार जास्त असतो अशा वेळी बोलवा. शंभर पेट्यांचं वजन करायला घ्या. तीस झाल्यावर नेटची तार काढा आणि वजन चालूच ठेवा. साठ झाल्यावर विजेचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी लावा, उरलेल्या चाळीस करा. मग तार जोडा, आणि नोंदी जात असतानाच ती एकदा पुन्हा काढून घाला. आता तीन आकडे मिळवा: जमिनीवरच्या पेट्या, काट्यातल्या नोंदी, कार्यालयातल्या नोंदी. प्रत्येकाची घडल्याची वेळ बघा, एखादी दुबार लागली आहे का बघा. तिन्ही ठिकाणी शंभर आले तर पैसे द्या. नव्व्याण्णव आले किंवा एकशे एक आले, तर त्याला दुरुस्त करून आणायला सांगा. हंगामाला अजून अवकाश असतो.